मिरगाला बघू

यंदा शिमग्याला गावी जाताना माझ्या पिशवीत बियांची सतरा पाकिटं होती. ठाण्यातल्या आमच्या बाल्कनीत दोन फूट रुंद आणि सहा फूट लांब एवढीच काय ती जमीन. तीही कुंड्यांतली, कोकोपीटची. त्यामुळे नर्सरीत गेलं की मला गावच्या परड्याची आठवण येते आणि हात सैल सुटतो. झिनिया, सूर्यफूल, चेरी टोमॅटो, गवार, तीन रंगांचा माठ, कशाचं तरी जांभळं गाजर. तीन आठवड्यांची रजा साठवली होती. संगमेश्वर रोड स्टेशनात पहाटे उतरले तेव्हा डोक्यात वाफ्यांचा नकाशासुद्धा तयार होता.

आईनं चष्मा लावून एकेक पाकीट वाचलं. पाठीमागची बारीक अक्षरंही वाचली. मग सगळी पाकिटं पत्त्यांसारखी एकावर एक रचून म्हणाली, "मिरगाला बघू." म्हणजे जूनमध्ये, मृगाचा पाऊस आला की.

"अगं, पण वसंत आलाय ना! आत्ताच तर पेरायचं असतं."

"कुठे असतं?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. बहुधा पाकिटांवरच्या चित्रांत असतं. गोऱ्या देशांत बर्फ वितळतो, माती मऊ होते, मग माणसं खुरपी घेऊन बाहेर पडतात. आमच्याकडे फाल्गुनात माती मऊ होत नाही, विटेसारखी होते. झाडं मात्र कुणाला न विचारता आपला वसंत साजरा करून मोकळी होतात. कुसुंबाची पालवी लालभडक निघते, पांगारा पान नसताना फुलतो, करवंदीच्या जाळ्या पांढऱ्या होऊन वास सोडतात. यातलं काहीही कुणी लावलेलं नाही, कुणी शिंपत नाही. माणसानं लावलेलं जे असतं, ते या दिवसांत फक्त जगवायचं असतं. त्या कामाला आमच्याकडे शिपणं म्हणतात, आणि तीन आठवडे मी तेच केलं.

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, हे ठाण्यातल्या शेजाऱ्यांना सांगितलं की ते म्हणतात, मग तुम्हाला पाण्याची काय कमी! कमी अशी की तो सगळा चार महिन्यांत पडतो आणि थांबत नाही. वर जांभ्याचा सडा, म्हणजे उघडं कातळाचं पठार, खाली उतार. जांभा म्हणजे दगडाच्या वेषातली चाळणी. पडलेलं काही मुरतं, झऱ्यांनी बाहेर येतं, पऱ्यानं, म्हणजे ओढ्यानं, शास्त्री नदीत जातं आणि जयगडच्या खाडीतून समुद्राला मिळतं. श्रावणात पायऱ्या बुडवणारी विहीर चैत्रात तळ दाखवते. म्हणून विहिरीचं पाणी फक्त पिण्याला आणि स्वयंपाकाला. झाडांना पऱ्याचं.

पावसाळा सरला की पऱ्यावर दगडमातीचा बांध घालून पाट काढतात. आमचा पाट चार घरांत आहे. दर चौथ्या दिवशी पाणी, आणि त्यात एकेका घराची पाळी सहा तासांची. यंदा आमच्या वाट्याला रात्री दोन ते सकाळी आठ आली होती. पहिल्या पाळीला थोरले काका बॅटरी आणि फावडं घेऊन पुढे आणि मी डोळे चोळत मागे. वरच्या घराचं तोंड बंद करायला केळीच्या सोपाचा तुकडा आणि दोन ढेकळं. दोन वाजायला तीन मिनिटं कमी होती, म्हणून काका बांधावर बसून राहिले. चार घरांत लग्नकार्याला, आजारपणाला सगळे एकमेकांसाठी धावतात, पण पाण्याची तीन मिनिटं कुणी कुणाची घेत नाही.

कोरड्या पाटातून पाणी कसं येतं, हे मी लहानपणी शेकडो वेळा पाहिलं असेल, पण विसरले होते. ते वाहत येत नाही, सरपटत येतं. तोंडाशी वाळकी पानं, काटक्या, फेस असा केर ढकलत आणतं. त्याच्या पुढे मुंग्या पळतात. मध्येच एका जागी थांबतं, म्हणजे तिथे कुर्लीनं, खेकड्यानं, बीळ पाडलेलं असतं आणि आपलं हक्काचं पाणी भलतीकडे चाललेलं असतं. मग हात कोपरापर्यंत घालून चिखल भरायचा. कुर्ली आत असली तर ती आपलं मत नोंदवते. माझ्या अंगठ्यावर तिची सही अजून आहे.

नारळ, पोफळी, पोफळीवर चढलेली मिरवेल, त्यांच्या सावलीतलं जायफळ, केळी, पपनस. अळू तेवढं न्हाणीच्या सांडपाण्यावर. एकेका आळ्यात पाणी भरायचं, कडेपर्यंत आलं की तोंड फिरवायचं. उजाडेपर्यंत हेच. आळ्यातली माती पाणी पिताना बारीक चुरचुर आवाज करते. बुडबुडे येतात. काका म्हणतात, "पितंय." यापलीकडे ते रात्रभर काही बोलत नाहीत.

दिवसा मात्र बोलले. पहिल्याच सकाळी मी उत्साहानं सगळं आगर झाडून लख्ख केलं होतं. फणसाचा, आंब्याचा पातेरा, म्हणजे गळलेला पाला, ढिगानं गोळा केला, आळी साफ दिसायला लागली, फोटोही काढला. काका न्याहारी करून आले आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "झाडांना उघडं का केलंस?" म्हणाले. तो पातेरा केर नव्हता, आळ्यांवर मुद्दाम घातलेलं पांघरूण होतं. चार दिवसांनी येणारं पाणी चार दिवस पुरायचं तर ऊन मातीला लागता कामा नये. दुपारपर्यंत बसून मी तो सगळा पातेरा परत आळ्यांत नेऊन घातला. फोटो पुसून टाकला.

आईचं खातं वेगळं, फुलांचं. गेल्या मार्गशीर्षात मी दोन दिवस आले होते तेव्हा तिनं मोगऱ्याचे हाल चालवले होते. छाटून अगदी बुडका केला, उरलीसुरली पानं खुडली, आणि पाणी तोडलं. मी चिडले होते. मोगरा बिचारा काटक्यांची जुडी होऊन महिनाभर उन्हात उभा. माघात तिनं मुळांशी माती हलवली, शेणखत घातलं, आणि मग पाणी दिलं. आता शिमग्यात पाहते तर पानाआड कळ्याच कळ्या. देशावरचे डाळिंबवाले याला ताण देणं म्हणतात; आधी ताण, मग बहार. उपाशी ठेवलेल्या झाडाला वाटतं, आपलं काही खरं नाही, आणि ते फुलून घेतं, अशी आईची उपपत्ती. ती मला नीटशी पटत नाही, पण संध्याकाळी सहाला ओंजळभर कळ्या खुडून ओल्या फडक्यात ठेवल्या आणि नऊला माजघरभर वास सुटला, तेव्हा वाद घालायला कुणाला सुचतंय?

गावात शांतता असते, हे कोण सांगतं मला कळत नाही. तांबट पक्षी सकाळपासून टुक टुक टुक करत पितळेचं भांडं ठोकत असतो. कोकीळ पहाटे चारपासून सुरू. दुपारी केलड्यांची, म्हणजे माकडांची, टोळी येते. कोवळे नारळ पाडतात, पपनस एकच चावा घेऊन टाकतात. आई पत्र्याचा डबा वाजवते, काका ओरडतात, कुत्रा मात्र झोपूनच असतो. त्यानं बहुधा त्यांच्याशी तह केलाय.

पण मग सुख कसलं, तर सांगते. खळ्यात झापांचा, म्हणजे विणलेल्या नारळाच्या झावळ्यांचा, मांडव घातलेला असतो. वर ऊन रणरणत असताना त्याखाली शेणानं सारवलेल्या जमिनीवर चटई टाकून पडायचं. झापांतून उन्हाचे रुपयाएवढे कवडसे अंगावर पडतात आणि तासाभरात पोटावरून गुडघ्यावर जातात. रात्रीच्या पाळीनंतर सकाळी उकड्या तांदळाची पेज, बरोबर भाजलेला पापड आणि कैरीची करकरीत फोड. आणि ओल्या काजूगरांची उसळ. शहरात हे गर मोजून विकत घ्यावे लागतात. इथे ते सोलावे लागतात, हे जास्त महाग. बोटांना खोबरेल चोपडून, बी उभी चिरून, काडीनं गर काढायचा. तरी चीक लागतोच आणि आठवडाभर बोटांची सालं निघतात. ऑफिसच्या दारावरच्या यंत्रानं परतल्यावर माझं बोट ओळखायला नकार दिला. वहिनीला हे फोनवर सांगितलं तर म्हणाली, "मग परत ये."

पाडव्याला गुढीला बांधायला कडुनिंब आणि आंब्याचा डहाळा मीच काढला. त्यानंतर चार दिवसांनी निघायचं होतं. सतरा पाकिटं अजून फडताळात तशीच होती. एक वाफा तरी करू का, असं शेवटचं विचारून पाहिलं. आईनं उत्तर न देता बिस्किटांचा एक जुना डबा काढला, चुलीतली गार राख चाळून त्यात तळाशी घातली. पाकिटं फोडून प्रत्येक बी वेगवेगळ्या फडक्यात बांधलं. वर पुन्हा राख. पुरचुंड्यांवर काय लिहायचं ते मी लिहिलं. झिनियाला तिनं "ठाण्याची फुलं" असं लिहायला लावलं. डबा चुलीवरच्या माळ्यावर गेला, गेल्या वर्षीच्या पडवळ आणि दोडक्याच्या बियांशेजारी.

सात जूनची रजा मी गाडीत बसल्या बसल्या टाकली आहे. साहेबांनी कारण विचारलंय. काय लिहावं?