फटभर खिडकी

नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ भाजून काढणाऱ्या दिवसांत, दुपारी दोन वाजता नागपुरातल्या शहाण्या माणसानं करायची एकच गोष्ट असते, कुलरसमोर आडवं होणं. मी मात्र पोर्चमध्ये उकिडवा बसून मारुतीखालचा पुठ्ठा निरखत होतो. पुठ्ठ्यावर तेलाचे तीन थेंब. काल दोन होते.

गाडी १९९८ ची मारुती ८००. एमएच ३१, ७९६ सीसी, तीन सिलिंडर, कार्बोरेटर. पंधरा वर्षं भरली तेव्हा आरटीओत जाऊन तिचं आयुष्य पाच वर्षांनी वाढवून आणलं. मग आणखी पाच, मग आणखी पाच. बायकोचं म्हणणं, माझ्या वाढदिवसाची तारीख तुमच्या लक्षात राहत नाही, हिच्या पासिंगची बरी राहते. यावर मी कधी वाद घातलेला नाही.

मिस्त्रीला फोन लावला. "सील गेली असन भाऊ," तो म्हणाला, "पन पहिले ब्रीदर पाहून घ्या. तो चोक असन तर इंजन गुदमरून राहिलं ना. मंग ते तेल कुठूनही काढते."

बॉनेट उघडलं. डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची पट्टी, आपणहून बोटभर वर आलेली. गाडी चालू करून तेलाचं झाकण काढलं, वर तळहात धरला, तर धूर आणि गरम फुंकर. इंजिन कितीही नवं असो, पिस्टनच्या रिंगांमधून थोडा वायू खाली निसटतोच. तो बाहेर पडावा म्हणून वरच्या कव्हरपासून एअर क्लीनरपर्यंत एक रबरी नळी असते, तोच ब्रीदर. वायू परत आत ओढला जातो आणि पेट्रोलबरोबर जळून जातो. नळी बुजली की तो कुठं जाणार? गॅस्केट ढकलतो, सील ढकलतो, डिपस्टिक ढकलतो.

नागपूरकराला हे समजावून सांगायची खरं तर गरजच नाही. कुलर लावला की समोरची खिडकी फटभर उघडी ठेवायची, हे इथं पोराला मुळाक्षरांच्या आधी कळतं. एका मे महिन्यात पुण्याचा आतेभाऊ आमच्याकडे आला होता. रात्री उठून त्यानं सगळ्या खिडक्या लावल्या. का, तर गार हवा बाहेर जाते! बाबा उठले, एक खिडकी उघडून झोपले. तो उठला, लावून झोपला. असं रात्रीतून चारदा. दोघांपैकी कोणीही एक अक्षर बोललं नाही. शेवटची पाळी त्याची होती बहुतेक, कारण सकाळी खसच्या ताट्यांचा वास नाकात बसलेला, चादरी ओलसर आणि आईचे डब्याबाहेर राहिलेले पापड सादळून पोळीसारखे मऊ.

बाबांची अ‍ॅम्बेसेडर होती, १४८९ सीसीची. तिच्या तेलाच्या झाकणात तारेची जाळी होती आणि इंजिनाच्या कडेनं एक नळी सरळ रस्त्याकडे तोंड करून सुटलेली. जे काय असेल ते खाली टाकून मोकळी. बाबा रविवारी ते झाकण डालड्याच्या डब्यात घासलेटमध्ये बुडवून ठेवत. दुपारी काढून उन्हाकडे धरत, एक डोळा मिटत आणि मला म्हणत, "पाह्य, आरपार दिसते काय?" मला कधीच काही दिसायचं नाही. मी हो म्हणायचो.

एका रविवारी जाळी निघून हातात आली. बाबांनी ती न्हाणीजवळच्या दगडावर वाळत ठेवली आणि भांडी घासणाऱ्या मावशींना ती नवी घासणी वाटली. कढई इतकी लख्ख निघाली की आई खूश. दुसऱ्या दिवशी पोह्यांना घासलेटचा वास. बाबांना सगळं कळलं असणार, पण त्यांनी मान खाली घालून बशी संपवली, वरून तर्रीही मागून घेतली. जाळी अर्थात गाडीत परत गेली नाही.

(माझी मारुती आणि बाबांची अ‍ॅम्बेसेडर, दोन्ही गाड्यांचं उत्पादन एकाच वर्षी थांबलं, २०१४ साली. मारुती जानेवारीत, अ‍ॅम्बेसेडर मे महिन्यात. तो मे मला तरी जरा जास्तच तापलेला वाटला होता.)

तर नळी. क्लिप सैल केली, पण रबर दगडासारखं घट्ट बसलेलं. ओढायचं नाही, पिळायचं. ओढलं की चिरतं. निघाली एकदाची. आत करपलेल्या पाकासारखा काळा चिकटा, आणि कव्हरकडच्या तोंडाशी फिकट पिवळं, चहात पडून विरघळलेल्या बिस्किटासारखं काहीतरी. हे माझंच पाप. घर ते भाजीबाजार, भाजीबाजार ते घर. इंजिन नीट तापतच नाही, मग आतली वाफ उडून जात नाही, तेलात कालवली जाते. ४५ अंशांच्या गावात इंजिन तापत नाही म्हणून तक्रार करणारा मी एकटाच असेन.

घासलेट आता शोधूनही मिळत नाही. बाटलीभर डिझेल आणलं, पोरांची दुधाची बाटली धुवायचा जुना ब्रश माळ्यावरून काढला. नळी भिजवली, घासली, भिजवली, घासली. नंतर बाहेरून पायपुसण्यावर पुसून तोंडाला लावली आणि फुंकली. ही माझी जुनी खोड. बागेतला पाइप असो, गॅसची शेगडी असो, फुंकून पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. डिझेलची चव रात्रीच्या वरणापर्यंत टिकली.

मग नळी उन्हाकडे धरून एक डोळा मिटला. दुसऱ्या टोकाला आभाळाचा एक पांढरा ठिपका. आरपार. त्या क्षणी बाबांबद्दल, बोलण्याबद्दल, न बोलण्याबद्दल काहीतरी भलतंच नेमकं सुचलं होतं. हात धुऊन आल्यावर लिहू म्हटलं. साबणानं तीनदा हात धुतले, तेवढ्यात ते गेलं.

नळी पूर्ण वाळवून बसवली. डिपस्टिक खाली दाबली, ती खालीच राहिली. झाकणावर हात धरला तर फुंकर जेमतेम.

सकाळी चहाच्या आधी पुठ्ठा पाहिला. दोन थेंब.

"मंग सीलच असन," मिस्त्री म्हणाला.

पुठ्ठा उलटा करून ठेवला आहे. दुसरी बाजू अजून कोरी आहे.