जर्मनीच्या बाल्कनीतलं सोलर कोकणात चालेल का?

रत्नागिरी-देवगडकडून येणाऱ्या फोनवर हल्ली एक फर्माईश असते: "तिकडे म्हणे बाल्कनीला पॅनेल अडकवतात, प्लग लावला की वीज सुरू. येताना तसला एक सेट आणा की." आणण्यात अर्थ नाही. पण का नाही, ते समजून घेण्यासारखं आहे.

सेटमध्ये असतं काय? 430-450 वॉटची दोन पॅनेल, एकेक वीस-बावीस किलोचं, एक छोटा मायक्रोइन्व्हर्टर (पॅनेलची डीसी वीज घरातल्या एसीत बदलणारा डबा) आणि घरगुती प्लग. मे 2024 पासून पॅनेल एकूण 2000 वॉटपर्यंत चालतात, पण इन्व्हर्टरमधून 800 वॉटच बाहेर पडायला हवेत. महिनाभरात सरकारी नोंदवहीत ऑनलाइन नोंद करायची, झालं.

800 च का? घरातल्या एमसीबीला, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणाऱ्या स्विचला, बोर्डाकडून येणारा करंट कळतो, सॉकेटमधून उलटा शिरलेला कळत नाही. त्या लाइनवर गिझर-इस्त्री लावली, तर वायरमधून एमसीबीच्या मर्यादेपेक्षा जास्त करंट जाऊ शकतो आणि एमसीबी मात्र पडत नाही. 800 वॉट म्हणजे साडेतीन अँपिअर. चांगल्या वायरिंगला तेवढं पेलतं. म्हणून एका लाइनवर दोन सेट नकोत आणि एक्स्टेन्शन बोर्ड तर मुळीच नको. जुन्या घरातल्या जोडलेल्या, पावसाने ओल धरलेल्या वायरिंगबद्दल वेगळं सांगायला नको.

दुसरी गोष्ट, हा इन्व्हर्टर ग्रिडचे, म्हणजे बाहेरून येणाऱ्या विजेचे, 50 हर्ट्झ बघून चालतो. लाइट गेली की तोही क्षणात बंद, नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला झटका बसेल. जर्मनीत वर्षाकाठी सरासरी बारा-तेरा मिनिटं वीज जाते, त्यामुळे तिथे कुणाला त्याचं काही वाटत नाही. मृगाच्या पहिल्या सरीलाच काळोख होणाऱ्या वाडीत वाटेल. तिथे लाइट गेल्यावरही घर चालवणारा, बॅटरीवाला हायब्रिड इन्व्हर्टर हवा.

तिसरी अडचण मीटरची. जर्मनीतला जुना चकतीचा मीटर उलटा फिरतो आणि नवा मीटर बसेपर्यंत ते चालवून घेतलं जातं. आपल्याकडचे बरेच साधे डिजिटल मीटर बाहेर गेलेली वीजही वापरातच धरतात. म्हणजे वीज आपण द्यायची आणि बिलही आपणच भरायचं! नेट मीटरची, म्हणजे दिलेली वीज वापरातून वजा करणाऱ्या मीटरची, मंजुरी घेतल्याशिवाय काही जोडू नका.

जर्मनी इथवर आला तो प्लगमुळे नव्हे. 2000 सालच्या कायद्याने सौर-पवन विजेला वीस वर्षं ठरलेला भाव दिला, पैसा तिकडे वळला. 15 एप्रिल 2023 ला शेवटच्या तीन अणुभट्ट्या बंद झाल्या, आणि आज वर्षभराच्या विजेच्या वापरात निम्म्याहून जास्त वाटा अक्षय स्रोतांचा आहे. गाडं अडलंय तारांपाशी. वारा उत्तरेच्या समुद्राकडे, मोठे कारखाने दक्षिणेत. मधली सुमारे 700 किलोमीटरची जमिनीखालची सुएडलिंक केबल 2022 ला व्हायची, ती आता 2028 वर गेली. तोवर वादळी दिवशी उत्तरेत पवनचक्क्या थांबवायच्या आणि दक्षिणेत दुसरी केंद्रं पेटवायची. दोन्हींचा खर्च ग्राहकाच्या बिलात.

आता गावच्या घराचं बोलू. पॅनेल इथलंच घ्या: घराच्या छतावरच्या सोलरसाठीच्या केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान (1 किलोवॉटला 30 हजार, 3 किंवा जास्तला 78 हजार) भारतात बनलेल्या सौर सेलच्या पॅनेललाच मिळतं. जर्मनीत पॅनेल तीस-पस्तीस अंशांवर ठेवतात, कोकणात दक्षिणेकडे पंधरा-वीस पुरे. जास्त उभं केलं की वारा खालून उचलतो. 2020 च्या निसर्ग वादळात पत्र्यांचं काय झालं ते श्रीवर्धनला विचारा. मंगलोरी कौलांवर नुसते क्लॅम्प नकोत. कौल काढून हुक थेट वाशाला स्क्रूने धरायचा, रिपेला नाही, आणि वासा वाळवीने पोखरलेला नाही ना, ते आधी टोचून बघायचं.

खाऱ्या हवेत साधे नटबोल्ट लवकर गंजतात. 316 ग्रेडचं स्टेनलेस मागा, आणि ॲल्युमिनियमची फ्रेम लोखंडी अँगलला टेकते तिथे रबराचा वॉशर घाला. पॅनेल खाऱ्या धुक्याच्या चाचणीत, म्हणजे आयईसी 61701 मध्ये, पास आहे का तेही विचारा. अर्थिंगसाठी कातळावर खड्डा खणणं जिकिरीचं, आणि वैशाखात जांभा सुकला की रेझिस्टन्स वाढतो. म्हणून खड्डा मोरीच्या पाण्याजवळ घ्या आणि वळवाच्या विजांसाठी सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे विजेचा अचानक आलेला लोट अडवणारं उपकरण, बसवा.

आषाढात उत्पादन निम्म्याखाली जाऊ शकतं. नेट मीटर असेल तर एप्रिल-मेची जमा झालेली युनिटं तेव्हा कामी येतात.

राहता राहिला माड. त्याच्या खोडाची सावली एका पॅनेलवर सरकली तरी ओळीतल्या बाकीच्यांनाही फटका बसतो. अशा जागी दर पॅनेलला मायक्रोइन्व्हर्टर परवडतो. पण वरून सुटलेल्या नारळाला कुठलंच पॅनेल पुरं पडत नाही. त्यामुळे जागा ठरवताना आधी वर बघा, मग होकायंत्र काढा.