डेजॉन म्हणजे मोठं शेत

दक्षिण कोरियातल्या डेजॉनला येऊन दोन वर्षं झाली, पण गावाच्या नावाचा अर्थ विचारायचं आज सुचलं. तेही हानबात वृक्षोद्यानात, बाकावर बसून डब्यातली पोळीभाजी खाताना. हे 'हानबात' इथे जिथेतिथे दिसतं. युनिव्हर्सिटीला तेच, लायब्ररीला तेच. लॅबमधल्या मैत्रिणीला विचारलं, हा हानबात कोण, कुणी राजा होता का? ती हसून हसून बेजार.

हानबात म्हणजे डेजॉनच! 'हान' म्हणजे मोठं, 'बात' म्हणजे शेत. तेच चिनी अक्षरांत लिहून वाचलं की डेजॉन. आणि शेत कोणतं, तर कोरडवाहू. भाताच्या खाचराला वेगळा शब्द आहे, 'नोन'. त्यासाठी कोरियन लोकांनी स्वतःचं एक अक्षरसुद्धा घडवलं: शेताच्या खुणेच्या डोक्यावर पाणी. (आमच्या कोकणात खाचर वेगळं, वरकस वेगळी. आजोबांना हे एका वाक्यात कळलं असतं.)

१९०५ मध्ये सोल-बुसान रेल्वे सुरू झाली, स्टेशन आलं आणि शेताचं शहर होत गेलं. आता वस्ती १४ लाखांच्या वर.

मग ती सहज म्हणाली, आजीला आम्ही 'हाल्मोनी' म्हणतो ना, त्यातही हाच 'हान'. हान आणि ओमोनी, मोठी आई.

माझा घास हातातच राहिला. आम्हीही आजीला मोठी आईच म्हणायचो.

रात्री फोनवर आईला हे सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पोळ्या मऊ राहिल्या होत्या का गं?"