हरिहरेश्वराची प्रदक्षिणा: आधी तिथी, मग पायरी

हरिहरेश्वराला जायचं ठरलं की आम्ही सुट्टी बघायच्या आधी तिथी बघतो. इथल्या प्रदक्षिणेचा अर्धा रस्ता डोंगरावरून जातो आणि उरलेला समुद्रातल्या खडकावरून. हा खडकाचा भाग दिवसातून दोनदा पाण्याखाली जातो. देऊळ केव्हाही गाठा, दर्शन होईल. पण प्रदक्षिणा घडेल की नाही हे भरती-ओहोटी ठरवते. पहाटे निघून, घाट उतरून, नेमके भरतीच्या वेळी पोचणारे लोक दर सुट्टीला दिसतात. दोन मिनिटांच्या हिशेबाने हे टळतं.

हिशेब कोकणातला जुना आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची. जो आकडा येईल तितक्या वाजता पूर्ण भरती, दिवसा आणि रात्रीही. त्यात सव्वासहा तास मिळवले की पूर्ण ओहोटी. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनला भरती, सकाळी सव्वानऊच्या सुमाराला ओहोटी. शुद्ध आणि वद्य पक्षाला नियम एकच. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून देवळाजवळ पोचल्यावर एखाद्या कोळीमामांना "मामा, सुकती कधी लागली?" एवढं विचारून घ्यावं. सुकती म्हणजे ओहोटी. मोबाईलवर भरतीचे तक्ते मिळतात, पण हिशेब डोक्यात असला की तक्ता चुकीच्या बंदराचा उघडलाय हे लगेच कळतं.

वेळ कळली तरी एवढ्याने भागत नाही, पाणी किती मागे हटणार हेही बघावं लागतं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा पाणी खूप चढतं आणि तितकंच खोल उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा ओहोटीलाही खडकाची कड पुरती उघडी पडत नाही. उधाणाचा जोर पौर्णिमेच्या दिवशी संपत नाही, पुढे दीड-दोन दिवस राहतो. म्हणून आमच्या मते प्रदक्षिणेला सगळ्यांत उत्तम दिवस द्वितीया ते चतुर्थी. ओहोटी पावणेआठ ते सव्वानऊच्या दरम्यान, पाणी भरपूर मागे, आणि पश्चिमेकडे तोंड केलेला कडा सकाळी सावलीत. अनवाणी चालणाऱ्याला या सावलीचं मोल दुपारी कळतं.

गर्दीचे दिवस मात्र या हिशेबात बसत नाहीत. महाशिवरात्र माघ वद्य चतुर्दशीला. चौदाची पाऊणपट साडेदहा. म्हणजे देवळात रांग सगळ्यांत मोठी असते त्या वेळी खाली समुद्र पूर्ण भरलेला, आणि हे दर वर्षी असंच असणार. त्या दिवशी सकाळी दर्शन घ्यावं आणि प्रदक्षिणेसाठी तीन-साडेतीनपर्यंत थांबावं. कार्तिक वद्य अष्टमीला, काळभैरवाच्या जयंतीला, ओहोटी भर बाराला येते, पण ती भांगाची. खडक तापलेला आणि पाणी अर्धवट हटलेलं. त्या दिवशी पायथ्याशी जाऊन नीट बघितल्याशिवाय पुढे जाऊ नये.

पोचायचं कसं हे थोडक्यात. गाव रायगड जिल्ह्यात, श्रीवर्धन तालुक्यात. मुंबई-गोवा महामार्गावरचं माणगाव हा मुख्य फाटा, तिथून म्हसळ्यावरून रस्ता येतो. कोकण रेल्वेचं स्टेशनही माणगावच. पुण्याहून ताम्हिणी घाट उतरून माणगावलाच यायचं. रत्नागिरीकडून येणाऱ्यांनी वेसवीहून बागमांडल्याची फेरीबोट धरावी, गाडीसकट खाडी पार होते. मुक्काम करणं केव्हाही बरं. आदल्या रात्री गावात असलात की सकाळच्या ओहोटीच्या मागे धावावं लागत नाही.

दर्शनाचा क्रम ठरलेला आहे: आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, मग पुन्हा काळभैरव. गाभाऱ्यात ब्रह्मा, विष्णू, महेश आणि पार्वती अशी चार लिंगं. श्रीवर्धनच्या भटांचं, म्हणजे पेशव्यांचं, हे कुलदैवत. पहिल्या बाजीरावांनी १७२३ मध्ये देवळाचा जीर्णोद्धार केला. ब्रह्माद्री, पुष्पाद्री, हर्षिनाचल आणि हरिहर अशा चार टेकड्या मिळून हे क्षेत्र मानतात.

देवळात शिरताना घड्याळ बघून ठेवा. ओहोटीच्या तळाच्या दोन तास आधी दर्शन उरकून पायऱ्यांना लागलं पाहिजे. खडकावर उतरायची वेळ म्हणजे पाणी अजून मागे हटत असतानाची, तळाच्या तास-सव्वा तास आधीची. पाणी उतरत असेल तर वाटेत झालेला उशीर खपतो. चढत्या पाण्यात तोच उशीर अंगाशी येतो, कारण भरती सरळ चालीने चढत नाही. सहा तासांची चढ बारा भागांत वाटली तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, पुढे दोन आणि एक. पहिला तास पाणी जागचं हललंच नाही असं वाटतं आणि लोक फोटो काढत रेंगाळतात; मधल्या दोन तासांत निम्मी भरती येऊन जाते.

देवळाजवळूनच पायऱ्या सुरू होतात. चढ छोटा आहे, पण पायऱ्या काही ठिकाणी उंच, आणि सकाळीही घाम काढणाऱ्या. माथ्यावर वारा लागतो. दक्षिणेला सावित्री नदीचं मुख दिसतं. महाबळेश्वरला उगम पावलेली नदी इथे समुद्राला मिळते, आणि पलीकडच्या तीरावर बाणकोट. ओहोटीला मुखाजवळचं पाणी गढूळ आणि खळाळतं दिसतं, कारण खाडीचं पाणी बाहेर पडत असतं. हा सुकती चालू असल्याचा पुरावा. भरती लागली असेल तर ही खळबळ आत, खाडीकडे सरकलेली दिसते. माथ्यावर दोन मिनिटं थांबून हे बघावं, कारण मागे वळायचं असेल तर इथून वळणं सगळ्यांत सोपं.

पुढची उतरण कातळाच्या चिंचोळ्या घळीतून जाते. हिला गणेशगल्ली म्हणतात. दोन्ही बाजूंना उभ्या भिंती, मध्ये पायऱ्या, आणि समोर एकदम समुद्र. बेसॉल्टचा लाव्हा थंड होताना आक्रसतो आणि त्याला उभ्या भेगा पडतात. अशा भेगांतला कमकुवत दगड पाण्याने निघून गेला की घळी तयार होतात. इथे दोन जण शेजारी चालू शकत नाहीत. वर येणारा दिसला तर रुंद पायरीवर थांबून त्याला वाट द्यावी. आणि हात मोकळे हवेत. ताट, नारळाची पिशवी, मोबाईल सगळं पाठीवरच्या पिशवीत. साडीच्या निऱ्या खोचून घ्या. ओल्या निऱ्या पायात येऊन इथे बरेच जण पडतात.

शेवटच्या पायरीवर आल्यावर लगेच खाली उतरू नये. दहा ते पंधरा मिनिटं नुसतं उभं राहून लाटा बघाव्यात. लाटा सारख्या उंचीच्या नसतात. लहान लहान येता येता मध्येच दोन-तीन मोठ्या येतात, आणि धोका त्या मोठ्यांचा. खडकाचा रंगही बघा. नुकत्याच भिजलेल्या भागाचा रंग गडद काळा असतो, वाळलेला फिकट राखाडी. तुमच्या वाटेवरचा खडक गडद आणि चकाकता असेल तर तिथवर लाट येऊन गेली आहे आणि पुन्हा येणार आहे. पंधरा मिनिटांत एक जरी लाट वाटेवर चढली तरी परत फिरायचं, यात भक्ती कमी पडत नाही. इथे लाटेने माणसं ओढून नेल्याच्या घटना घडल्या आहेत, आणि आत गेलेल्याला खडकावर परत चढता येत नाही, कारण प्रत्येक लाट त्याला कातळावर आपटते. जून ते सप्टेंबर हा भाग पूर्ण वर्ज्य. तेव्हा ओहोटीलाही उसळी थांबत नाही.

खडकावर उतरलं की डोंगर उजव्या हाताला आणि समुद्र डाव्या. मुलं उजवीकडे, मोठी माणसं डावीकडे. पाय कुठे टाकायचा हे रंगावरून ठरतं. हिरवा किंवा काळपट तुळतुळीत भाग म्हणजे शेवाळ. तिथे कुठलीच चप्पल टिकत नाही. पांढरट खरखरीत पट्टा म्हणजे खडकाला चिकटलेले कवचप्राणी आणि कालवं. त्यावर पकड छान मिळते, पण अनवाणी पाय ब्लेडने कापल्यागत चिरतो आणि खाऱ्या पाण्यात ती जखम बराच वेळ वाहते. कोरडा राखाडी दगड हीच खरी वाट, आणि ती बहुधा डोंगराच्या अंगाला असते. अनवाणी प्रदक्षिणेचा नेम असेल तर सकाळची वेळ धरा आणि पांढरा पट्टा टाळा. नेम नसेल तर मागे पट्टा असलेल्या रबरी तळव्याच्या सँडल उत्तम. कातडी चपला इथे कामाच्या नाहीत, आणि अंगठ्याच्या स्लिपर तर पहिल्याच फटीत अडकून तुटतात.

आता या कातळाकडे बघा, कारण असा कडा जवळून बघायला फार थोड्या ठिकाणी मिळतो. ज्या सपाट ओट्यावरून आपण चालतो तो लाटांनी कापलेला आहे. लाटा कड्याच्या पायथ्याशी आपटून आडवी खाच पाडतात. खाच खोल गेली की वरचा भाग आधार सुटून कोसळतो, कडा मागे सरकतो आणि त्याचा तळ ओटा म्हणून मागे उरतो. हे काम अजून चालू आहे. म्हणून खाचेच्या वर झुकलेल्या कातळाखाली सावलीला बसू नये. तिथे पडलेले धोंडे वरूनच आलेले असतात. ओट्यावर मध्येमध्ये गोल खळगे दिसतात. खळग्यात अडकलेले गोटे लाटेबरोबर गरगर फिरतात आणि दगड खरवडत जातात. निघोजला कुकडी नदीत जे रांजणखळगे आहेत तेच काम इथे समुद्र करतो. पाणी साचलेल्या खळग्यात पाय घालू नका, खोली वरून कळत नाही.

सगळ्यांत देखणी आहे ती कड्याची जाळी. भिंतीचे मोठमोठे भाग मधमाशांच्या पोळ्यासारखे भोकाभोकांचे झालेले आहेत. दोन भोकांमधल्या भिंती काही ठिकाणी बोटाहून पातळ. हे काम मिठाचं. लाटांचे तुषार दगडाच्या बारीक छिद्रांत मुरतात, पाणी वाळतं, मीठ उरतं, त्याचे स्फटिक वाढताना कणाकणाला ढकलतात आणि दगड भुगा होऊन सुटतो. एकदा खळी पडली की तिच्यात ओल आणि सावली टिकते, म्हणून झीज आतच वाढत जाते आणि बाहेरच्या कडा शिल्लक राहतात. भोकात बोट घातलं तर तळाशी रवाळ भुगा हाताला लागतो. वर चढायला आधार म्हणून ही जाळी कधीही धरू नये. ती हातात येते. तिच्यावर नावं कोरणाऱ्यांना जागच्या जागी थांबवा. हजारो वर्षांत तयार झालेली भिंत किल्लीच्या टोकाने अर्ध्या मिनिटात फुटते, आणि ज्या देवाला प्रदक्षिणा घालतो त्याच्याच अंगावर ओरखडा काढल्यासारखं ते आहे.

वाटेवर विष्णुपद, गायत्रीतीर्थ, चक्रतीर्थ अशी तीर्थस्थानं सांगतात. एखादी खूण पाण्यात असेल तर वरूनच नमस्कार करून पुढे जावं. वाहायची तर सुटी फुलं वाहावीत. प्लास्टिकची पिशवी आणि अगरबत्तीचं पाकीट परत न्यावं, कारण खळग्यांतल्या पाण्यात खेकडे आणि लहान मासे असतात आणि पुढची भरती येईपर्यंत तेवढंच पाणी त्यांचं असतं.

खडकाचा टप्पा न थांबता चाललं तर लवकर संपतो, रमतगमत अर्धा-पाऊण तास. सगळी प्रदक्षिणा मिळून तास-दीड तास धरा. वाटेत दुकान नाही, सावली भरवशाची नाही. माणशी लिटरभर पाणी हवंच. वयस्क मंडळींनी माथ्यापर्यंत येऊन, समुद्राला हात जोडून, आल्या पायऱ्यांनी परतावं. गुडघे दुखणाऱ्यांना गल्लीची उतरण चढणीपेक्षा जास्त त्रास देते, आणि खाली गेल्यावर वाटेत थांबायची सोय नाही. अशा वेळी एकाने त्यांच्यासोबत परतायचं हे वर चढायच्या आधीच ठरवून ठेवा. घळीच्या तोंडाशी उभं राहून ही चर्चा केली तर मागची सगळी रांग अडते.

शेवटी ओटा संपून वाळू लागते आणि देवळाच्या बाजूचा किनारा येतो. ओल्या अंगाने थेट देवळात न जाता पाय गोड्या पाण्याने धुवावेत, चिरलेलं असेल तर तिथेच हळद किंवा मलम लावावं. मग काळभैरवाचं दुसरं दर्शन. ते झालं की प्रदक्षिणा पुरी.