पडलो तरी नाक वर

आमच्या ऑफिसच्या मीटिंग रूममध्ये एक खुर्ची आहे. दिसायला बाकीच्या अकरा जणींसारखीच: काळी, चाकांची, गुबगुबीत. पण तिच्यात बसलं की ती हळूहळू खाली जाते. धाडकन गेली असती तर सगळे एकदा हसले असते आणि विषय संपला असता. ही ओहोटीसारखी जाते. जुन्या मंडळींना ती ओळखू येते (डाव्या हातावर निळ्या पेनाची रेघ आहे), त्यामुळे ती कायम उशिरा येणाऱ्याच्या वाट्याला येते. गेल्या महिन्यात मोठे साहेब आले होते आणि उशीर नेमका मला झाला होता. पहिल्या स्लाइडला मी सगळ्यांच्या बरोबरीने बसलो होतो. चौथ्या स्लाइडला टेबलाची कड छातीला लागली. सहाव्या स्लाइडला साहेबांचा चहाचा कप आणि त्याच्यावर त्यांचं कपाळ, एवढंच दिसत होतं. आणि मी काय करत होतो? गंभीर चेहऱ्याने मान डोलवत होतो. मधूनच वहीत काहीतरी टिपूनही घेत होतो.

घरी आल्यावर हातपाय धुतले आणि 'जॉनी इंग्लिश रिबॉर्न' लावला.

२०११चा सिनेमा. रोवन अ‍ॅटकिन्सन त्यात ब्रिटिश गुप्तहेर आहे. खुद्द पंतप्रधानांबरोबर बैठक चाललेली, विषय देशाच्या सुरक्षेचा, आणि ह्याचा हात खुर्चीच्या दांडीवर. खुर्ची खाली जाते, वर येते, पुन्हा खाली. बोलणं चालूच राहतं आणि ह्याच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलत नाही. हा प्रसंग मी किती वेळा बघितला असेल देव जाणे. आपण खुर्चीला हसतो असंच मला वाटायचं. त्या रात्री कळलं की खुर्ची निमित्त आहे. हसू येतं ते त्या चेहऱ्याला. 'हे असंच ठरलं होतं' असं म्हणणाऱ्या चेहऱ्याला. रस्त्यात ठेच लागली की आपणही मागे वळून दगडाकडे असं बघतो, जणू तो आपण तपासायलाच थांबलो होतो.

जेम्स बॉन्डला ठेच लागत नाही. 'गोल्डफिंगर'च्या सुरुवातीला तो पाण्यातून बाहेर येतो, अंगावरचा पाणबुड्याचा पोशाख उतरवतो आणि आत कडक इस्त्रीचा पांढरा डिनर जॅकेट! वर कोटाला लाल फूल लावतो. १९६४ सालचा हा प्रसंग जगभर लोकांनी डोळे विस्फारून बघितला. आम्ही जुलै महिन्यात स्टेशनवरून येऊन रेनकोट काढतो तेव्हा आतला शर्ट पाठीला चिकटलेला असतो आणि खिशातल्या पासाचा लगदा झालेला असतो. बॉन्डला पार्किंग शोधावं लागत नाही, ढकलायचं दार तो ओढत नाही, आणि त्याला कधी कुणी 'सुट्टे द्या' म्हणत नाही. हेरपटांची टर उडवणारे सिनेमे फार काही करत नाहीत. ते त्याच्या जगात आपला रेनकोट नेऊन टांगतात.

'गेट स्मार्ट' ही अमेरिकन मालिका १९६५ साली सुरू झाली. मेल ब्रुक्स आणि बक हेन्री ह्या दोघांनी रचलेली. तिच्यातल्या मॅक्सवेल स्मार्टचा फोन त्याच्या बुटाच्या तळव्यात असतो. पहिल्याच भागात तो एका मैफलीला बसलेला असताना बूट वाजायला लागतो. सगळं सभागृह वळून बघतं आणि हा बिचारा उठून आडोसा शोधत निघतो. त्या काळी ही निव्वळ थट्टा होती. आज आपल्या कुठल्याही नाट्यगृहात दुसऱ्या अंकातल्या ऐन हळव्या जागी तोच बूट वाजतो. फरक इतकाच की आपला गुप्तहेर बाहेर जात नाही, तिथेच खाली वाकून 'नाटकाला आलोय, नंतर करतो' असं तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकू जाईल इतक्या दबक्या आवाजात सांगतो. त्याच मालिकेत गुप्त बोलण्यासाठी डोक्यावर उतरणारा एक पारदर्शक घुमट आहे. त्याच्यात बसलं की समोरासमोरच्या दोघांना एकमेकांचंच बोलणं ऐकू येत नाही. ऑनलाइन मीटिंगा सुरू झाल्यावर मला त्या घुमटाची फार आठवण आली.

पण नुसता रेनकोट टांगून भागत नाही. खुंटी अस्सल लागते. तमाशातला सोंगाड्या राजाची फिरकी घेतो, पण त्यासाठी वगातला राजा राजासारखाच बोलावा लागतो. माइक मायर्सच्या 'ऑस्टिन पॉवर्स'मधला (१९९७) डॉक्टर ईव्हिल बघा. टक्कल, गालावरचा व्रण, राखाडी बंद गळ्याचा पोशाख, मांडीवर मांजर. हा थेट १९६७च्या 'यू ओन्ली लिव्ह ट्वाइस' ह्या बॉन्डपटातला खलनायक ब्लोफेल्ड. (मांजराचे केस मात्र गेलेत.) हा गृहस्थ १९६७ साली स्वतःला गोठवून घेतो, तीस वर्षांनी जागा होतो आणि जगाला ओलीस ठेवून खंडणी मागतो: दहा लाख डॉलर! करंगळी ओठाशी नेऊन. मग हाताखालचा माणूस चाचरत सांगतो, साहेब, आजकाल ही काही फार मोठी रक्कम नाही, आपली एक कंपनीच वर्षाला नऊ अब्जांच्या वर कमावते. गावाकडच्या आजोबांनी हातावर दोन रुपये ठेवून 'चैन कर हो' म्हणावं, त्यातला प्रकार. गंमत अशी की ब्लोफेल्डचा तो ज्वालामुखीच्या पोटातला अड्डा नेपथ्यकार केन अ‍ॅडमने पाइनवुड स्टुडिओत उभारला, त्याचा खर्च सुमारे दहा लाख डॉलरच होता. म्हणजे ईव्हिलसाहेबांनी मागितलं ते जुन्या हिशेबाने घरभाडंच.

त्याच सिनेमात शत्रू हातात सापडल्यावर डॉक्टर त्याला मारण्याची एक लांबलचक, सोपस्कारांची योजना सांगतो. त्याचा पोरगा विचारतो, सरळ गोळी का घालत नाही? माझ्या खोलीत बंदूक आहे, आणू का? हा प्रश्न माझ्या मुलाने एक अस्सल बॉन्डपट बघताना, वयाच्या नवव्या वर्षी, तोंडात पोह्यांचा घास असताना विचारला होता.

सगळ्याच टरउडव्या सिनेमांना हे जमत नाही. १९६७च्या विनोदी 'कॅसिनो रॉयल'वर पाच दिग्दर्शकांची नावं आहेत. पीटर सेलर्स, डेव्हिड निव्हन, वुडी अ‍ॅलन, ऑर्सन वेल्स, सगळे हजर. लग्नात सगळेच नवरदेवाचे मित्र आणि मुंडावळ्या बांधायला कुणीच नाही, असं झालं. नटाने प्रेक्षकाकडे बघून डोळा मारला की माझं हसू संपतं. आपण विनोदी आहोत हे कळलेला माणूस मला फारसा विनोदी वाटत नाही. अ‍ॅटकिन्सनला कधीच कळत नाही. जॉनी इंग्लिश हे पात्र मुळात एका क्रेडिट कार्डाच्या जाहिरातीतल्या धांदरट हेरावरून सुचलेलं. पण २००३चा पहिला 'जॉनी इंग्लिश' लिहिणाऱ्या तिघांपैकी नील पर्व्हिस आणि रॉबर्ट वेड हे तर खुद्द बॉन्डपटांचे लेखक. आदल्याच वर्षी त्यांनी बॉन्डला अदृश्य होणारी मोटार दिली होती. सकाळी देवळात पूजा सांगायची आणि संध्याकाळी त्याच देवाची नक्कल करून दाखवायची!

पुढे ह्याच जोडीच्या लेखणीतून, आणखी एका लेखकाच्या मदतीने, २००६चा गंभीर 'कॅसिनो रॉयल' आला. त्याच्या सुरुवातीला एक जीवघेणा पाठलाग आहे. पळणारा आहे सेबास्तियन फुकाँ, म्हणजे भिंतींवरून उड्या मारण्याचा तो पार्कूर नावाचा प्रकार घडवणाऱ्यांपैकी एक. तो क्रेनवर चढतो, बॉन्डही चढतो. तो फटीतून सुळकन निसटतो, तर बॉन्ड सरळ भिंत फोडून जातो. पाच वर्षांनी 'रिबॉर्न'मध्ये असाच एक चपळ पोरगा पळतो आणि आता वयाने पिकलेला इंग्लिश त्याच्या मागे. पोरगा कुंपणावर चढून पलीकडे उडी मारतो. हा फाटक उघडून जातो. पोरगा उंचावरून लटकत, झोके घेत खाली उतरतो, हा लिफ्टने. घामाचा थेंब नाही. अख्ख्या सिनेमात ह्या एकाच ठिकाणी जॉनी इंग्लिश खरोखर हुशार दिसतो, आणि पन्नाशीच्या आसपासचा प्रत्येक पुरुष तिथे सोफ्यात जरा ताठ होऊन बसतो. मी बसलो होतो.

त्याच आठवड्यातल्या रविवारी आम्ही बाहेर निघालो होतो. आम्ही पाचव्या मजल्यावर राहतो. मुलगा (आता चौदाचा) म्हणाला, "बाबा, खाली कोण आधी? मी जिन्याने." मी काही बोललो नाही. कॉलर नीट केली आणि लिफ्टचं बटण दाबलं. लिफ्ट लगेच आली. चौथ्यावर थांबली. कुलकर्णी काकू पिशवी घेऊन उभ्या.

"वर चाललायस का रे?"

"नाही काकू, खाली."

"मग चल, खाली जाऊन वर येते," म्हणत त्या आत आल्या, पण दारात पाय ठेवून त्यांनी घरात कुणाला तरी गॅस बंद करायला सांगितला. तिसऱ्यावर दार उघडलं, समोर कुणीच नाही. दुसऱ्यावर गॅसचं सिलिंडर आणि त्याच्यामागे माणूस. सिलिंडर आत आलं, माणूस मावेना. मग सिलिंडर बाहेर गेलं.

तळमजल्यावर चिरंजीव वॉचमनच्या खुर्चीत बसून बुटाची नाडी बांधत होते. मी लिफ्टमधून बाहेर पडलो, सावकाश घड्याळाकडे बघितलं आणि म्हणालो, "छान. वेळेत पोहोचलास."