बडी हरवल्याची तक्रार

सकाळचे पावणेसात. सूर्य नुकता वर आलेला, आणि मी बालीतल्या तुलांबेनच्या समुद्रात बुचासारखी वरखाली होत शिव्या घालत होते. मनातल्या मनात नव्हे, चांगल्या मोठ्यानं. ऐकायला कोणी नव्हतंच. ज्यानं शेजारी असायला हवं तो माझा बडी, म्हणजे स्कूबा डाइव्हमधला जोडीदार, पाण्याखाली कुठेतरी होता. जिवंत असेल तर त्याला मी मारणार होते.

विमानं, टॅक्सी, आदल्या दिवसाची झोप यांवर लिहिण्यासारखं काहीच नाही. मी आले होते लिबर्टीसाठी. हे अमेरिकेचं मालवाहू जहाज. जानेवारी १९४२ मध्ये लोंबोकच्या सामुद्रधुनीजवळ जपानी पाणबुडीनं त्याला टॉर्पेडो मारला. ओढून बंदरात न्यायचा बेत फसला, तेव्हा ते इथल्या किनाऱ्यावर चढवलं. तिथेच ते एकवीस वर्षं पडून होतं. १९६३ मध्ये आगुंग ज्वालामुखी उसळला आणि त्यानं जहाज पाण्यात लोटलं. आता सुमारे १२० मीटर लांबीचा तो सांगाडा उतारावर कलंडलाय. वरचा भाग पाच-सहा मीटर खोलीवर, खालचा तीसच्या आसपास. बोट लागत नाही. काळ्या गोट्यांवरून धडपडत चालायचं आणि पाण्यात शिरायचं.

मी एकटी आलेली, म्हणून डाइव्ह सेंटरनं मला दुसऱ्या एकट्याशी जोडून दिलं. हा प्रकार मला कधीच आवडलेला नाही. लग्न ठरवताना निदान चहापोहे होतात! इथे नाव कळायच्या आत तुमचा जीव त्याच्या हातात. त्याच्याजवळ दोन दिवे लावलेला मोठा कॅमेरा होता. तेव्हाच मला कळायला हवं होतं. तपासणी म्हणून आम्ही एकमेकांकडे पाहून ‘ओके?’ ‘ओके’ म्हणालो. दहा सेकंद लागले असतील.

मग खाली. पहाटे इथे बंपहेड पॅरटफिशचा कळप येतो. कपाळावर टेंगूळ असलेले, मीटरभर लांबीचे मासे, म्हशींसारखे संथ. ते प्रवाळ चावतात तो कडकड आवाज पाण्यात स्पष्ट ऐकू येतो. मी त्यांच्यामागे जहाजाच्या कडेनं गेले, भान हरपून. डाइव्ह कॉम्प्युटरवर खोली २६ मीटर. वळून पाहिलं तर मागे कोणी नाही.

नियम सोपा आहे: एक मिनिट शोधायचं, नाही सापडला तर हळूहळू वर यायचं आणि वर भेटायचं. ते एक मिनिट मी हवेच्या गेजकडे बघत मोजलं. २६ मीटरवर दाब पृष्ठभागाच्या साधारण साडेतीनपट असतो, म्हणजे प्रत्येक श्वासाला सिलिंडरमधली हवाही तेवढीच जास्त जाते. हे मला पाठ होतं, पण काटा उतरताना त्या दिवशी पहिल्यांदा दिसला. तोंडातला रेग्युलेटर, ज्यातून श्वास घ्यायचा तो, आत्ता बिघडला तर? दुसऱ्याच्या हवेवर तर माझी सगळी भिस्त होती आणि दुसरा नव्हता. अंगात मुरलेला नायट्रोजन निघून जावा म्हणून पाच मीटरवर तीन मिनिटांचा थांबा, सेफ्टी स्टॉप, केला. तो तिकडे बुडत असेल आणि मी इथे नियमानं लटकलेय, असं सारखं वाटत होतं.

एकोणीस मिनिटांनी तो वर आला. हसत. मी तोंड उघडायच्या आत त्यानंच विचारलं, “तू कुठे गेली होतीस?”

पुढचं सांगत नाही.

किनाऱ्यावर गोट्यांवर एक साठीच्या बाई एकट्याच सामान जुळवत बसल्या होत्या. पाठीवरच्या सिलिंडरखेरीज कुशीला तीन लिटरची छोटी बाटली, तिला स्वतःचा रेग्युलेटर. खिशात जास्तीचा मास्क, दोन कटर. प्रत्येक गोष्टीला हात लावून तिचं नाव मोठ्यानं घेत होत्या, जणू समोर कोणी आहे. मी माझं रडगाणं गायला बसले. मला वाटलं, म्हणतील, बघा, एकटंच बरं. तसं काही म्हणाल्या नाहीत. हिशेब सांगितला.

छोट्या बाटलीत २०० बार दाबाला ६०० लिटर हवा. घाबरलेला माणूस मिनिटाला ४० लिटर ओढतो असं धरायचं. २६ मीटरवर गोंधळ निस्तरायला एक मिनिट, वर यायला तीन मिनिटं, वर सेफ्टी स्टॉपची तीन. प्रत्येक टप्प्यावरच्या दाबानं गुणून बेरीज केली तर सगळे ६०० संपतात, शिल्लक शून्य. “म्हणून मी एकटी असले की वीसच्या खाली जात नाही,” त्या म्हणाल्या. “आणि जहाजाच्या आत तर नाहीच. या बाटलीला हात नाहीत. मी बेशुद्ध पडले तर ती मला वर नेणार नाही. खोलीवर नायट्रोजन चढून मी वेड्यासारखी हसायला लागले तर ती मला खुणावणार नाही.”

पाडी आणि एसडीआय या डाइव्हिंग शिकवणाऱ्या दोन्ही संस्थांकडे एकट्यानं डाइव्ह करण्याचे कोर्स आहेत, आणि दोघंही आधी नोंदवलेले १०० डाइव्ह मागतात. माझे ४७. त्या बाईंची नोंदवही चौथी होती. “तू आज एकटीच होतीस,” जाताना म्हणाल्या, “फक्त तयारी दोघांची केली होतीस.” मला थोडा रागच आला. अनोळखी माणसांनी इतकं बरोबर बोलू नये.

दुपारी तो माफी मागायला आला असं मला वाटलं. त्यानं कॅमेरा पुढे केला. ६:१३ ला पॅरटफिश. ६:१४ ला पुन्हा पॅरटफिश, आणि चौकटीच्या कोपऱ्यात माझ्या पायांतले पिवळे फिन्स. पुढच्या फोटोत मासे नाहीत, फक्त निळ्यात विरत चाललेले माझे फिन्स. “मी सिलिंडरवर तीनदा ठोकलं,” तो म्हणाला.

ठोकलं होतं. मी ते ऐकलं होतं, टण टण टण. पाण्यात आवाज हवेच्या चौपट वेगानं येतो, दोन्ही कानांत जवळजवळ एकदमच शिरतो, त्यामुळे कुठून आला ते कळतच नाही. आसपास दुसरे गट होते, त्यांच्यातलं कोणीतरी असेल असं धरून मी पुढे गेले. मग तोही मिनिटभर थांबून वर का आला नाही? विचारलं. म्हणाला, तू गाइडच्या गटाला चिकटली असशील असं वाटलं. हे काही मला अजून पटलेलं नाही, पण सकाळी ज्या आवाजात मी बोलले होते तो आवाज आता काही निघेना.

मधले दोन दिवस पावसात आणि गढूळ पाण्यात गेले.

शेवटच्या पहाटे पुन्हा आम्ही दोघंच. या वेळी मीच म्हटलं, नीट तपासू. बीसीडी म्हणजे हवा भरायचं जॅकेट, वजनं, बकल, हवा. त्याला विचारलं, “तुझा ऑक्टोपस कुठाय?” पिवळ्या रंगाचा दुसरा रेग्युलेटर, माझी हवा संपली तर मी ज्याच्यावर झडप घालायची तो. सगळ्यांचा छातीवर लटकत असतो.

“माझ्याकडे तो नाही,” तो म्हणाला.

त्याचा पर्यायी रेग्युलेटर बीसीडी फुगवण्याच्या नळीतच बसवलेला होता, काळा, खांद्याजवळ. वेळ आली तर तोंडातला मुख्य रेग्युलेटर काढून तो मला देणार आणि स्वतः त्या नळीतून श्वास घेणार. आम्ही कमरेइतक्या पाण्यात उभं राहून ते दोनदा करून पाहिलं. दुसऱ्या वेळी त्याच्या रेग्युलेटरातून श्वास घेताना मला त्या २६ मीटरवरची मी दिसले, तो शेजारी असता तरी त्याच्या छातीवर पिवळं काहीतरी चाचपडणारी.

“निघायचं?” त्यानं विचारलं.

“एकदा अजून,” मी म्हटलं, “या वेळी डोळे मिटून.”