तोबाची शेवंड: माणशी एक की दोघांत एक, हे आधी विचारा

आधी निकाल सांगतो. जेवण अप्रतिम. बिल बघून सकाळी घसा कोरडा पडला. परत जाईन का? जाईन, पण प्रश्न विचारून.

जपानच्या मिए प्रांतात तोबा, शिमा हा किनारा आहे. तिथली 'इसे-एबी' जगात नावाजलेली. इंग्रजी मेनूत लॉब्स्टर लिहितात त्यामुळे गैरसमज होतो. हिला नांग्या नसतात. नुसत्या लांब काटेरी मिशा आणि मांसल शेपूट. म्हणजे आपली शेवंडच, फक्त जात वेगळी. बरोबर मावशी होती, वय 62, माहेर मालवण. तिने स्टेशनबाहेरच्या दुकानातल्या टाकीत डोकावून एका सेकंदात ओळखली.

मोसमाचं बघा. मिएमध्ये मे ते सप्टेंबर इसे-एबीची मासेमारी बंद असते. त्या काळात कुणी 'ताजी' म्हणून वाढली तर ती टाकीत साठवलेली, गोठवलेली किंवा बाहेरची. आम्ही नोव्हेंबरात गेलो. तिथल्या कोळ्यांकडून अजून एक कळलं: जाळी रात्री टाकतात, आणि पौर्णिमेच्या आसपास चांदण्यात शेवंड दगडाबाहेर येत नाही, म्हणून पकड कमी. अमावास्या बघून बुकिंग करणारा मी बहुधा पहिलाच पुणेकर.

जाताना पहिला दणका. आमच्याकडे जे-आर पास, म्हणजे जपान रेल्वेचा पर्यटकांसाठीचा पास होता, म्हणून नागोयाहून जे-आरचीच जलद गाडी धरली. मधला काही रूळ वेगळ्या कंपनीचा आहे, तिथे पास चालत नाही. कंडक्टर आला, वाकला, आणि माणशी पाचशेच्या वर येन रोख घेऊन गेला. सुटे ठेवा. खासगी किन्तेत्सूवर तर पास अजिबातच चालत नाही, पण पुढे काशिकोजिमापर्यंत जायचं असेल तर तीच एक लाइन आहे. तिथे 2016 ची जी-7 परिषद झाली होती.

इसेचं देऊळ, मोत्यांचं बेट वगैरे दोन दिवस छान गेले. त्याचे फोटो सगळ्यांनी बघितलेत, पुढे जाऊ.

तर ते जेवण. अशा सरायांत 'इप्पाकु नि-शोकु' असा भाव असतो, म्हणजे एक रात्र आणि दोन वेळचं खाणं. आम्हाला माणशी 24,000 येन पडले, साधारण 13,000 रुपये. वेबसाइटवरच्या फोटोत माणसापुढे अख्खी शेवंड, मिशा ताटाबाहेर. मी खूश. ताट आलं तेव्हा आम्हा दोघांमध्ये मिळून एक! बारीक अक्षरात लिहिलं होतं म्हणे. म्हणून हे दोन शब्द पाठ करून जा: 'हितोरी इचिबी' म्हणजे माणशी एक. 'फुतारी दे इचिबी' म्हणजे दोघांत एक. फोटोवर विश्वास ठेवू नका, ही ओळ शोधा.

जेवण संध्याकाळी 6 ला म्हणजे 6 लाच. आम्ही 6 वाजून 10 मिनिटांनी बॅगा ओढत चढ चढत होतो, आणि दारात नाकाई, म्हणजे वाढणाऱ्या बाई, गुडघ्यांवर बसून वाट बघत होत्या. लाजच वाटली. गुडघे दुखत असतील तर बुकिंग करतानाच खुर्ची मागा. मावशीने तातामीवर, म्हणजे जमिनीवरच्या चटईवर, तिसऱ्या पदार्थापर्यंत तग धरला, मग पाय पसरले.

छोट्या वाट्या आल्या, गेल्या. मग बर्फावर ती आली. शेपटीचं मांस कापून काचेसारखं पारदर्शक मांडलेलं आणि मागे डोकं उभं. मी सोयाची वाटी सरकवली, तर एक मिशी सावकाश वळून वाटीच्या काठाला लागली. मावशी दचकली. "अरे, हिच्यात अजून जीव आसा!" नाकाईबाई हसल्या. मांस जिभेवर आधी चिकट, मग कुरकुरीत, मग गोड. मावशीने पहिला तुकडा खाल्ला, थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "सार नको हिचा." मालवणच्या बाईकडून याहून मोठं सर्टिफिकेट नाही. ज्यांना हे बघवत नाही त्यांनी आधीच कळवा, शिजवून आणतात.

आणि इथेच मी फसलो. नाकाईबाई काहीतरी विचारत होत्या. मला 'ओनिगारा-याकी' एवढं कळलं, म्हणजे सालासकट उभी चिरून भाजलेली. मला वाटलं पुढचा पदार्थ. मी म्हणालो, "हाय," म्हणजे हो. त्या परत म्हणाल्या, "जिका..." मी परत, "हाय!" भाजलेली आली, सोयाचा जळका वास, कडेला करपलेलं, बोटं चाटून खाल्ली. सकाळी बिलात 9,800 येन जास्तीचे. 'जिका' म्हणजे 'आजच्या बाजारभावाने'. मेनूत ज्या पदार्थापुढे आकडा नाही तो सर्वांत महाग, हे आपल्या हॉटेलांत आपण लहानपणी शिकलेलो असतो. मी तिथे जाऊन विसरलो. त्यांनी फसवलं नाही, दोनदा विचारलं, पण हातात आकडा ठेवला असता तर बरं झालं असतं. तुम्ही 'इकुरा?' विचारा आणि मोबाइलवर आकडा लिहून घ्या.

बीफ खात नसाल तर बुकिंगच्या वेळीच लिहा. हा मात्सुसाका या नावाजलेल्या बीफचा प्रांत, शेवंडीच्या जोडीला बीफ घुसवतात. आणि शुद्ध शाकाहारी माणसाला या जेवणाला नेऊ नका. नुसत्या भाजीच्या रश्शातही माशाचा अर्क असतो, त्याचेही हाल, तुमचेही.

टिप द्यायची नाही. मी ठेवली, तर बाई पायऱ्या उतरून परत द्यायला आल्या.

न्याहारी चुकवून सकाळची गाडी पकडू नका, आम्ही पकडणार होतो. रात्रीचं ते मिशीवालं डोकं सकाळी अर्धं करून मिसोच्या सुपात परत आलं. थंडी होती, वाटी दोन्ही हातांत धरून मावशी डोक्यातला गर चोखत होती, आणि मी शेजारी बसून 9,800 चे रुपये करत होतो. "तुझं डोकं खातोस की नाही?" तिने विचारलं. मी वाटी पुढे सरकवली. तिने तेही संपवलं.